आपोआप भडंग

२५ ऑक्टोबर १९७४, दसरा

पलटणीत रोज चार ओळी लिहायची सवय होती. घरी आल्यावर ती सुटली. आज पुन्हा वही काढली, कारण आजचा दिवस कुणीतरी लिहून ठेवला पाहिजे आणि आमच्या घरात ते काम दुसरं कुणी करणार नाही.

सातारच्या एसटी स्टँडाबाहेर, तात्याबाच्या चहाच्या गाड्याला लागून, आज माझं यंत्र उभं राहिलं. फटीत चार आण्याचं नाणं टाकायचं, उजवीकडचा दांडा खाली ओढायचा, की खिडकीत भडंगाची पुडी पडते. मध्ये विकणारा माणूसच नाही. स्टेशनावर वजनाचं तिकीट देणारं यंत्र असतं, त्याचाच हा भाऊ, पण पोटाला उपयोगी पडणारा. उमेदीची सगळी वर्षं सैन्याच्या गाड्या दुरुस्त करण्यात घालवली, हवालदार होऊन घरी आलो, तेव्हापासून हे डोक्यात होतं. पत्रा कापण्यापासून स्प्रिंग बसवण्यापर्यंत सगळं मी आणि माझा दोस्त धरणेंद्र, आम्ही दोघांनी त्याच्या कुपवाडच्या लेथवर केलं. भडंग विजयमालाचं. माझी बायको माहेरची सांगलीकडची, तिच्यासारखे चुरमुरे साताऱ्यात कुणाला परतता येत नाहीत. प्लॅस्टिकच्या पिशवीचं तोंड ती करवतीच्या पात्यावर दुमडते आणि मेणबत्तीवर धरून चिकटवते, म्हणून माल सादळत नाही. यंत्राच्या छातीवर पिवळ्या रंगात मी लिहिलंय: ‘आपोआप भडंग’. देशात असं दुसरं असेल तर मला माहीत नाही. सातारा जिल्ह्यात नाही, हे मी स्टँपपेपरवर लिहून देतो.

सुरुवात मात्र शोभेची झाली नाही. विजयमालानं पूजा करताना विचारलं, ‘आवं, ह्याचं तोंड कुटलं?’ मी नाण्याची फट दाखवली. तिनं मन लावून फटीत कुंकू भरलं. माझ्या धाकट्या भावानं, कृष्णातानं, वर नारळ फोडला. पाणी आत गेलं. तात्याबाचं पहिलं नाणं त्या लाल चिखलात जे बसलं, ते मी सगळ्यांसमोर यंत्र खोलल्यावरच निघालं. गर्दी मात्र तेव्हाच जास्त जमली.

माझे वडील, आबा, आले नाहीत. काल जेवताना त्यांनी आपलं मत सांगून टाकलं होतं. ‘लोखंडाच्या हातचं कोन खातंय रं? मानसाला मानसानंच वाढावं लागतंय.’ मग पाण्याचा तांब्या खाली ठेवून म्हणाले, ‘चैत्राच्या पाडव्यापतूर बग. गिऱ्हाईक लागलं तर तुजं तू कर. न्हाईतर त्यो डबा भंगारात घाल आन उसात ये. कृष्णात एकटा किती वडंल?’

मी ‘व्हय’ म्हणालो. आबांपुढे होय म्हणायचं असतं म्हणून नव्हे. मला खात्री आहे म्हणून. उसात मी वाईट काम करत नाही, पण तिथे माझं डोकं झोपतं. लोखंड हातात आलं की मी जागा होतो. हे आबांना कसं सांगायचं ते मला कधी जमलं नाही.

२९ ऑक्टोबर

लोक थांबतात, बघतात, दांड्याला बोट लावून बघतात आणि निघून जातात. एका आजीनं नाणं टाकलं, हात जोडले आणि चालू लागली. मी मागून ओरडलो, ‘आजी, दांडा वडा! पुडी घ्या!’ ती म्हणाली, ‘ऱ्हाऊ दे बाबा. देवाला दिल्यालं मागं घेऊ नये.’

वाईच्या गाडीची वाट बघणाऱ्या एका भटजींनी मात्र नीट चौकशी केली. ‘भरताना सोडलं तर कुणाचा हात लागत नाही ना?’ मी म्हणालो, ‘नाही, आत सगळं लोखंड.’ त्यांनी दोन पुड्या घेतल्या. त्यांच्यामागे उभा असलेला एक जण नेमकं त्यामुळेच बिचकला. ‘कुनाच्या हातचं हाय तेच कळंना,’ म्हणाला आणि गेला. एकाच गोष्टीनं एक गिऱ्हाईक मिळालं आणि एक गेलं. मला हसू आलं नाही.

७ नोव्हेंबर

मी यंत्राशेजारी दिवसभर उभा राहतो. लोकांना शिस्त लावतो. नाणं आधी, दांडा मग, रांग डावीकडून. आज तात्याबानं चहाचा कप माझ्या हातात दिला आणि म्हणाला, ‘हवालदार, रागवू नगा. तुमी हितं छाती काडून उभं ऱ्हाताय, लोकांस्नी वाटतंय भरती चाललीय. एक पोरगं तर छाती फुगवून तुमच्यापुढं येऊन उभं ऱ्हायलं.’

मला राग आला. पण मी उद्यापासून सकाळी माल भरून घरी यायचं ठरवलं. यंत्र आपोआप आहे, तर मी कशाला हवा?

१३ नोव्हेंबर, दिवाळी

घरोघरी फराळ असताना स्टँडवर भडंग कोण घेणार? यंत्र काठोकाठ भरलेलं होतं, तसंच आहे. कृष्णातानं विचारलं, ‘दादा, त्याला बी चकली द्यायची का?’ सगळे हसले. मीही हसलो.

पाडवा दूर आहे असं दसऱ्याला वाटत होतं. आता तो जवळ दिसायला लागलाय. विजयमालाला मी परसात सांगितलं, ‘चैत्रात मला बारं धरायला यायला लागंल बहुतेक.’ उसाला पाणी देण्याला आमच्याकडे बारं धरणं म्हणतात. पलीकडे आबा गाईला वैरण घालत होते. त्यांनी ऐकलं असावं, कारण नंतर त्यांनी मला उगाच विचारलं, ‘त्यात पुड्या किती मावत्यात रं?’

चेष्टा करत होते. मी उत्तर दिलं नाही. विजयमालानं दिलं.

२१ नोव्हेंबर

यंत्र रिकामं! पार रिकामं. मी कुलूप काढलं आणि आतला पत्रा बघतच राहिलो. नाण्यांची पेटी जड होती. तात्याबाला मिठी मारली, त्यानं चहा सांडला.

सातारा उशिरा जागा होतो, पण होतो.

घरी येऊन सांगितलं तेव्हा आबा नुकतेच साताऱ्याहून आले होते. त्यांचा गुडघा दुखायला लागलाय, तिथल्या एका वैद्याचं औषध सुरू केलंय. दमलेले दिसले. मी म्हणालो, ‘आबा, यंत्र सगळं इकलं.’ ‘इकलं का? बरं,’ म्हणाले आणि पटका काढून भिंतीकडे तोंड करून पडले. एक शब्द कौतुकाचा नाही. असो. मला कौतुक नको, मला गिऱ्हाईक हवं होतं, ते मिळालं.

३ डिसेंबर

एक गमतीची गोष्ट ध्यानात आली. आबा बाजाराच्या दिवशी वैद्याकडे जातात आणि नेमका त्याच दिवशी यंत्राचा माल खपतो. इतर दिवशी चार-दोन पुड्या. म्हणजे बाजाराचं गिऱ्हाईक हेच आपलं खरं गिऱ्हाईक. शिवाय आबांचा पायगुणही असणार. ज्यांना यंत्र बघायचंही नाही त्यांच्याच पायगुणानं ते चालावं, यालाच नशीब म्हणतात.

विजयमाला आज आबांची बंडी धुताना एकटीच हसत होती. का म्हणून विचारलं तर म्हणाली, ‘खिशात चुरमुरं निगालं.’ त्यात हसण्यासारखं काय? भडंग करणाऱ्या घरात चुरमुरे कुठेही निघतात. मग म्हणाली, ‘फुडच्या खेपंपासनं तिखट जरा कमी घालते. म्हाताऱ्या मानसास्नी सोसत न्हाई.’ मी तिला समजावलं की आपलं गिऱ्हाईक तरुण आहे, कॉलेजची पोरं, कंडक्टर, ड्रायव्हर. तिनं मान डोलावली आणि तिखट कमीच घातलं.

१९ डिसेंबर

यंत्राची कीर्ती आमच्या गावापर्यंत पोचली. आज संध्याकाळी वेशीपासून आबा येताना दिसले तर त्यांच्यामागे गावातली निम्मी पोरं, प्रत्येकाच्या हातात माझी पुडी. ही पोरं साताऱ्याला कधी जातात कोण जाणे. पुड्यांचं मेणबत्तीवर चिकटवलेलं तोंड मी ओळखलं. ऊर भरून आला. एका पोराला विचारलं, ‘कसं हाय?’ ‘लय भारी,’ म्हणाला, आणि आबांकडे बघून पळाला. आबांनी त्याच्यावर डोळे वटारले होते. नातवंडांच्या वयाच्या पोरांनी यंत्राचं खाल्लेलंही त्यांना बघवत नाही.

वैद्य मात्र लुच्चा आहे. महिना होत आला, गुडघा बरा होऊ देत नाही. मी जाऊन जाब विचारतो म्हणालो तर आबा अंगावर आले. ‘माजा गुडगा हाय, माजं मी बगतो!’

२ जानेवारी १९७५

तात्याबाला माझं बरं चाललेलं सोसत नाही असं दिसतं. आज म्हणाला, ‘तुमचं गिऱ्हाईक लय इमानी हाय, हवालदार. पर एकाच खुट्याला किती दिस बांदून ऱ्हानार? दुसरं बगा.’ मी विचारलं, ‘म्हंजे?’ तर कप विसळायला लागला. ‘मला काय ठावं? मी च्या इकतो.’

मी रागानं निघालो, पण वाटेत विचार करत आलो. बाजार सोडून बाकीचे दिवस यंत्र उपाशीच उभं असतं, हे खरं आहे. असं आठवड्यातून एकदा जेवणारं यंत्र आबा पाडव्याला मान्य करणार नाहीत. लोक का घेत नाहीत? भडंग चांगलं, किंमत रास्त, यंत्र अडकत नाही. काय कमी आहे तेच कळत नाही. हे मी फक्त इथे लिहितोय, घरी म्हणणार नाही.

१४ जानेवारी, संक्रांत

सापडलं! आणि सापडलं तेही आबांच्या तोंडून.

तिळगूळ वाटून झाल्यावर कृष्णात यंत्राची चेष्टा करत होता. आबा मध्येच वैतागून म्हणाले, ‘त्याचं वंगाळ एकच हाय. पुडी देतंय आन गप बसतंय. वर काय देत न्हाई. मानूस तितं उभं ऱ्हातंय, वाट बगतंय, आन मंग भिकाऱ्यागत हात मागं घेतंय.’

आधी मी उसळलो. म्हणालो, यंत्र आहे ते, वर कुठून देणार? पण मग मला बाजार आठवला. बाजारात फुटाणेवाला माप ओततो आणि मग वर एक चिमूट टाकतो. भाजीवाली कोथिंबिरीच्या चार काड्या टाकते. ते मागावं लागत नाही. ते पैशाचं नसतं, माणसाला माणूस धरल्याची ती खूण असते. वर न टाकणाऱ्याकडे आमच्याकडचा माणूस दुसऱ्यांदा जात नाही. आणि मी उभं केलेलं यंत्र चार आणे घेऊन दार लावून घेत होतं!

आबांनी यंत्र पाहिलेलंसुद्धा नाही, तरी गिऱ्हाईकाच्या मनातलं असं अचूक सांगितलं. अनुभवी माणूस तो अनुभवी माणूस. विजयमाला तोंडाला पदर लावून आत गेली, तिला बहुतेक ठसका लागला.

२ फेब्रुवारी, कुपवाड

यंत्र बैलगाडीनं, मग ट्रकनं इथे आणलंय. धरणेंद्र मला खुळा म्हणतो. ‘लेका, लोकं यंत्र करत्यात पैसा वाचवायला आन तू त्याला दानधर्म शिकवायलास!’ पण म्हणता म्हणता त्यानं बाही मागे सारली.

चार खारे शेंगदाणे, पुडीनंतर, दर वेळी. ऐकायला सोपं आहे. दोन दिवस दाणे एकतर अडकले नाहीतर सगळे एकदम सांडले. धरणेंद्रची बायको गुणमाला रोज दिवस मावळायच्या आत जेवायला हाक मारते, कारण त्यांच्यात दिवस बुडाल्यावर जेवत नाहीत. हात काळे, तोंड वाकडं करून आम्ही दोघं पंगतीला बसतो. आज तिनं विचारलं, ‘भाऊजी, तुमच्याकडं पेरताना दाणं कसं सोडत्यात?’ सहज विचारलं तिनं. मी सांगायला लागलो की आबा पाभरीमागे चालतात आणि चाड्याच्या लाकडी वाटीत मुठीतून दाणे सोडतात, ना कमी ना जास्त, आणि सांगता सांगता घास हातातच राहिला. मूठ! लोखंडाची मूठ करायची. फिरणारी चकती, तिला बोटाएवढे खळगे, खळग्यात मावतील तेवढेच दाणे.

उरलेलं जेवण उभ्यानं केलं. चकती झाली. दांडा ओढला. पुडी पडली, यंत्र क्षणभर थांबलं आणि खुळखुळ करत दाणे आले. धरणेंद्रनं मला दंडाला धरून हलवलं. आम्ही दोघं टाकीभर दाणे संपेपर्यंत दांडा ओढत बसलो.

तो म्हणाला, दाणे पडायला खाली बशी लावू. मी नाही म्हणालो. वर जे द्यायचं ते हातावर द्यायचं असतं.

१६ फेब्रुवारी

सातारा. एका कंडक्टरनं पुडी घेतली आणि तो पाठ फिरवून चालायला लागला. मागे दाणे खुळखुळले. तो वळला, जमिनीकडे बघितलं, यंत्राकडे बघितलं. ‘आयला! वर देतंय व्हय!’ त्यानं लगेच दुसरं नाणं टाकलं, या वेळी हात पुढे धरून. मग ड्रायव्हरला हाक मारली. मग गाडीतले पॅसेंजर उतरले. गाडी सुटायची वेळ टळली आणि आतले ओरडायला लागले.

मी लिंबाच्या झाडामागे उभा राहून सगळं बघितलं. माणसं हसत होती. यंत्रासमोर उभं राहून माणसं हसतात, हे मी रणगाड्यांच्या वर्कशॉपातही पाहिलं नव्हतं. मला इतका अभिमान वाटला की झाडामागेच सावधान उभा राहिलो.

१ मार्च

बाजार असो नसो, यंत्र रोज रिकामं. सकाळी भरतो, दुपारी पुन्हा भरतो. विजयमालानं शेजारच्या दोघी हाताखाली घेतल्यात आणि त्यांना ती माझ्यासारखीच रांगेत उभं करते.

दुसरी चांगली बातमी, आबांचा गुडघा बरा झाला. गेल्या दोन बाजारांना ते साताऱ्याला जाऊन आले आणि काल म्हणाले, ‘आता ऱ्हाऊ दे. आता काय गरज न्हाई माजी तितं.’ औषधाची गरज नाही म्हणायचं असणार. वैद्याला मी उगाच शिव्या दिल्या, त्याला मानलं पाहिजे. गावातली पोरं मात्र आबांवर रुसलीत. कशावरून ते कळलं नाही.

२२ मार्च

मागे घेताना एका मालट्रकनं यंत्राला धडक दिली. दार चेपलं, दांडा मुरगळला, काच गेली. ट्रकवाला उतरून पाया पडला, त्याला काय करू? पाडवा तीन आठवड्यांवर.

बैलगाडीत घालून घरी आणलं. कृष्णात म्हणाला, ‘दादा, ही खूणच समज.’ त्याचं चुकत नाही. बिचारा एकटा राबतो. मी अंगणात यंत्रापाशी बसून राहिलो आणि पहिल्यांदा मनात आलं की झालं तेवढं पुरे. विजयमालानं चहा आणला तो गार झाला.

तेवढ्यात आबा आले. यंत्राभोवती एक फेरी मारली. मग धोतर खोचून खाली बसले आणि चेपलेलं दार दोन्ही पायांनी दाबून धरलं. ‘हान,’ म्हणाले.

मी हातोडा घेतला. दुपारभर मी ठोकत होतो आणि ते धरून होते. एकदा हातोडा त्यांच्या अंगठ्याशेजारी पडला तरी पाय हलवला नाही. आम्ही दोघं एका कामाला असे बसलोय, हे मला माझ्या जाणतेपणी आठवत नाही. त्यांनी यंत्र भंगारात घालायचं म्हटलं होतं, आणि आज तेच सरळ करायला धरून बसले. मोडकं यंत्र भंगारात घालणं त्यांना न्यायाचं वाटलं नसेल. आबा न्यायाला पक्के आहेत.

२८ मार्च

यंत्र पुन्हा जागेवर. तात्याबा म्हणतो, गेले दिवस लोक विचारून विचारून गेले. एक म्हातारी त्याच्यावरच चिडली होती, ‘त्या वर देनाऱ्याला कुटं घालवलंस?’ तिनं यंत्राला ‘देनारा’ म्हटलं! हे मी विजयमालाला तीनदा सांगितलं.

कुपवाडहून धरणेंद्रचा निरोप आला. तिथले एक कारखानदार नानासो साताऱ्याला आले होते, त्यांनी यंत्र पाहिलंय. कामगारांसाठी एक हवं म्हणतात. धरणेंद्रनं पत्रा कापायला घेतलासुद्धा.

१२ एप्रिल, पाडवा

गुढी उभारली. आबांनी मला समोर बसवलं. कृष्णात, विजयमाला, सगळे होते.

मी दसऱ्यापासूनची सगळी विक्री वाचून दाखवली. नोव्हेंबर-डिसेंबरच्या बाजारांचं मी जरा ठासून वाचलं, कारण कुणी नाव घेत नव्हतं तेव्हा यंत्रानं एकट्यानं तग धरला तो तेव्हाच. आबा डोळे मिटून ऐकत होते. मध्येच त्यांना जोराचा खोकला आला.

मी म्हणालो, ‘आबा, गिऱ्हाईक लागलं.’

‘मला ठावं हाय.’

मग कृष्णाताकडे वळले. ‘तुला मी कायमचा गडी लावून देतो. ह्याची वाट बगू नगंस.’ आणि मला म्हणाले, ‘तू तुजं लोखंड बग. तुजा हात त्यातच चालतुया. मला दिसलंय.’

एवढंच. मी पाया पडलो तेव्हा त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि तो लवकर काढला नाही. पलटणीत मला दोन पदकं मिळाली. ती पेटीत आहेत. आज मिळालं ते कुठे ठेवायचं ते मला समजत नाही.

२७ एप्रिल, कुपवाड

दुसरं यंत्र आज नानासोंच्या कारखान्यात उभं राहिलं. धरणेंद्र आणि गुणमाला आले होते. विजयमालानं कुंकू या वेळी कपाळाला लावलं, तोंडाला नाही. आबांना मी हट्टानं आणलं. येतच नव्हते. ‘बगायचं काय त्यात?’ म्हणत होते. मी म्हणालो, ‘आबा, तुमी माजं यंत्र एकदाबी चालवून बघितलं न्हाई. आज तरी बघा.’ यावर विजयमाला आणि आबा एकमेकांकडे बघायला लागले.

जेवणाचा भोंगा झाला आणि सगळे कामगार सायकली लावतात तिथे जमले. पहिलं नाणं नानासोंनी टाकलं. पुडी उचलून ते भाषणाला वळले आणि दाणे मागे जमिनीवर पडले. सगळे हसले. फोरमननं दांडा ओढला, तो हुशारीनं हात धरून उभा राहिला, पण उजवीकडे. दाणे डावीकडच्या नळीतून येतात. त्याचेही सांडले. धरणेंद्र म्हणाला, ‘आता म्हाताऱ्याला बोलवा की.’

मी आबांच्या हातात नाणं दिलं आणि कसं करायचं ते सांगायला लागलो. पण त्यांनी ऐकलंच नाही. नाणं टाकलं. दांडा सावकाश, शेवटी हलकासा झटका देऊन ओढला. उजव्या हातानं पुडी घेतली आणि तिच्याकडे न बघताच काखेत धरली. डावा हात कधीच नळीखाली पोचला होता, तळवा खोलगट करून, दाणे पडण्याआधी. एक दाणा खाली गेला नाही.

कामगारांनी टाळ्या वाजवल्या. मी नानासोंना म्हणालो, ‘बघा, पयल्याच खेपंला! पेरणाऱ्याचा हात हाय.’ माझी छाती किती फुगली असेल ते मला सांगता येत नाही.

आबांनी ते दाणे खाल्ले नाहीत. माझा हात ओढून घेतला आणि त्यावर ठेवले. ‘खा,’ म्हणाले. ‘माजं लय खाऊन झालंय.’

वय झालं की माणसं असं बोलतात. पण तिथे, सगळ्यांदेखत, माझे डोळे भरून आले आणि ते का, हे मला अजून नीट कळलेलं नाही. मी दाणे खाल्ले. विजयमाला पदरानं डोळे पुसत होती आणि हसतही होती.

परतीच्या गाडीची वेळ झाली म्हणून मी आबांना शोधायला गेलो, तर ते यंत्राशेजारी छाती काढून उभे. येणाऱ्या प्रत्येक कामगाराचा डावा हात धरून नळीखाली नेत होते. ‘हितं धर. थांब जरा. घाई करू नगंस, देतंय ते.’ तीनदा हाक मारली तरी हलले नाहीत, आम्हाला पुढच्या गाडीनं यावं लागलं. मला वाटतं, आबांना यंत्र आवडलं.